अस्तरातलं पाखरू

कोटाचा खांदा बसवावा तर थोरल्यानेच. दुसऱ्या शिंप्याने बसवलेला खांदा माणसाच्या अंगावर असतो. थोरल्याने बसवला की माणूसच त्या खांद्यात ताठ उभा राहतो. शहरातले तीन न्यायाधीश आणि एक महापौर त्याच्याच खांद्यांवर मिरवले, हे कुणी तोंडाने कबूल करो न करो. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण कुणाच्या छातीचं माप एकदा घेतलं की दहा वर्षं डोक्यात पक्कं.

पण ही हकिगत त्याच्या धाकट्या बहिणीची. थोरला एवढा मोठा, तरी एका बाबतीत तो तिच्यापेक्षा चार बोटं कमी होता. राग पोटात ठेवण्यात. बाकी कशातच नाही.

बाप गेला तेव्हा थोरला चोवीसचा आणि धाकटी सतराची. मागे राहिलं ते दुकान. पुढे कापायचं लांब टेबल, मागे दोन मशिनी, खिडकीपाशी इस्त्री, आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेले कागदी नमुने. थोरला कापायचा, धाकटी हाताचं काम करायची. काज, तुरपाई, अस्तर. तिची तुरपाई अशी की गिऱ्हाइक कोट उलटा करून टाका शोधायचं आणि थोरला म्हणायचा, "शोधा शोधा. सापडला तर कोट फुकट." वीस वर्षांत एकालाही सापडला नाही.

त्या दुकानात एका दुपारी वकीलसाहेब आले. तेव्हा त्यांना साहेब कुणी म्हणत नव्हतं. कोपरांना चकाकी आलेला कोट, हातात कागदांची चळत, आणि बोलणं मात्र असं की इस्त्रीवरचा हात थांबावा. त्यांना नवा पक्ष काढायचा होता. देशावर जीव असलेला, पण माणसाच्या मानेवर पाय न ठेवणारा. "देश आपला, माणूस मोकळा." एवढीच घोषणा. जो हवं ते बोलेल, हवं ते छापेल, हवा तो धंदा करेल, आणि बाईलासुद्धा पुरुषाइतकाच हक्क. हे शेवटचं ऐकून धाकटीने सुई टोचून ठेवली आणि मान वर केली.

"मास्तर, परवा सकाळी पहिली सभा आहे," वकीलसाहेब म्हणाले. "निळा झेंडा, मधोमध पिवळं पाखरू. काठीपासून लांब उडणारं. मोकळं."

थोरल्याने कागदावर पाखरू काढून दिलं. एका दमात, खोडरबर न लावता. ते पिवळ्या कापडावर आखून कापायचं काम धाकटीकडे. तिने कापड उलटं पसरलं, म्हणजे खडूच्या रेघा सुलट्या बाजूवर दिसायच्या नाहीत. रीत बरोबरच आहे. फक्त अशा वेळी नमुनाही पालथा ठेवावा लागतो, तो तिने उताणा ठेवला. कापून झाल्यावर तुकडा पालटला, निळ्यावर लावला, बारीक टाक्यांनी चारी बाजूंनी शिवून टाकला, आणि सभेच्या सकाळी काठीला बांधल्यावर सगळ्यांना दिसलं. पाखराची चोच काठीकडे. उडून जायच्या ऐवजी पाखरू परत येत होतं.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये. माणसं चाळीस, त्यातली दहा सावलीला बसलेली. झेंडा बदलायला वेळ नव्हता. वकीलसाहेबांनी एकदा वर पाहिलं आणि बोलायला लागले ते असे: "हे पाखरू कुठे निघालंय, ठाऊक आहे? घरी! जग हिंडून आलेलं पाखरू, मोकळं असूनही आपल्या मातीकडे परत फिरलंय!" टाळ्या अशा पडल्या की सावलीतले दहाही उठून बसले. दुसऱ्या दिवशी छोट्या पेपरात बातमी आली, 'परतणारं पाखरू' अशा मथळ्याची. धाकटीने ती कापून नमुन्यांच्या डब्यात ठेवली.

आणि सभा संपल्यावर, हॉलच्या मागच्या दाराशी, तेच वकीलसाहेब चार माणसांदेखत तिला म्हणाले, "बाई, उलटसुलट कळत नाही का तुम्हाला? न्या हे घरी. दुसरा करून आणा, चोच कुठे ते कुणाला तरी विचारून."

माणसं हसली. धाकटीने झेंड्याची घडी घातली आणि काखेत मारली. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती म्हणाली, "चूक माझीच होती, दादा. पक्ष चांगला आहे." तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्या वयात असं वाटतं.

मग पक्ष वाढला. केवढा वाढला ते थोरल्याने मोजलंय, कारण तो त्याच्या टेबलावरच वाढला. पहिल्या वर्षी सहा झेंडे, हातभर, चोच सुधारलेले. चौथ्या वर्षी पक्ष नगरपालिकेत आला आणि झेंडे झाले सहाशे. तेव्हा थोरल्याने वाकडातिकडा, म्हणजे झिगझॅग टाका घालणारं नवं मशीन आणलं, शहरातलं पहिलं. आठव्या वर्षी वकीलसाहेब सरकारात गेले आणि झेंडा तिमजली झाला. लोक पक्षाला 'पाखरू पार्टी' म्हणायचे, आणि रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या छातीवर ते पिवळं पाखरू.

धाकटीने ह्या सगळ्यात काय केलं? तिने आपला वॉर्ड उभा केला. दुकानाच्या वरच्या खोलीत बायकांना शिवण शिकवता शिकवता अर्ज भरायला शिकवलं, सही करायला शिकवलं, नळाला पाणी येत नाही तर कुणाच्या टेबलापुढे जाऊन बसायचं ते शिकवलं. लग्नाची दोन स्थळं आली, दोन्ही तिने परत पाठवली. "सभा आहे," म्हणाली. थोरल्याची बायको, म्हणजे तिची वहिनी, वैतागून म्हणायची, "वन्सं, पाखराशीच लावू का तुमचं?"

सरकारात गेल्यावर पक्षाने मोठं कार्यालय बांधलं आणि जिन्यासमोर काचेच्या पेटीत एक झेंडा लावला. तो थोरल्याकडूनच शिवून घेतला होता, नव्या मशीनवर. पेटीखाली पितळी पाटी: 'पक्षाचा पहिला झेंडा. हा वकीलीणबाईंनी स्वतःच्या हातांनी शिवला.' वकीलीणबाई वकीलसाहेबांच्या पत्नी. त्यांना बटण लावायचं असलं तरी कोट थोरल्याच्या दुकानात यायचा. पण ती पाटी पुढे भाषणात गेली, मग पोस्टरवर, मग शाळेच्या पुस्तकात. थोरल्याचा मुलगा घरात बसून मोठ्याने पाठ करायचा, 'पहिला झेंडा कोणी शिवला?' आणि धाकटी त्याच्याच शेजारी बसून काज करत असायची.

"मी जाऊन ती पाटी उखडतो," थोरला म्हणाला.

"उखडून काय, दुसरी लावतील," धाकटी म्हणाली. "पाटीचं जाऊ दे. मला वॉर्डाची उमेदवारी कबूल केलीये."

कबूल केली होती हे खरं. तीनदा. चौदाव्या वर्षी, निवडणुकीच्या आधी, कार्यालयात यादी वाचायची सभा झाली. दोनशे माणसं. धाकटीने स्वतः शिवलेला राखाडी कोट घातला होता. तिच्या वॉर्डाचा नंबर आला आणि नाव वाचलं गेलं ते वकीलसाहेबांच्या जावयाचं. जावईबापू त्या वॉर्डात एकदाच आले होते, तेही रस्ता चुकून.

धाकटी उभी राहिली. ओरडली नाही, नुसतं विचारलं, "साहेब, चौदा वर्षं काम मी केलं. माझ्यात काय कमी?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, छातीवरच्या खिशात ठेवला, आणि हसत म्हणाले, "बाई, जिला पाखराची चोच कुठे ते कळलं नाही, तिला शहराचा कारभार कळेल?"

दोनशे माणसं हसली. जावईबापू सगळ्यांत जोरात. थोरला मागच्या रांगेतून उठला, खुर्ची हातात घेऊन. धाकटीने त्याच्या बाहीला धरलं आणि दोघं बाहेर आले.  दुकानात आल्यावर तिने ट्रंक उघडली, तो चौदा वर्षांपूर्वीचा निळा झेंडा काढला आणि टेबलावर पसरला.

"दादा, तुझ्या काळ्या कोटाचं अस्तर फाटलंय ना?"

"हो."

"काढ कोट."

तिने तो झेंडा अख्खाच्या अख्खा त्या कोटाच्या पाठीत अस्तर म्हणून बसवला. न कापता, काठी ओवायची पट्टी तशीच ठेवून, बाकीच्या कडा आत दुमडून. पाखरू बरोब्बर थोरल्याच्या मणक्यावर. शेवटचा टाका तोडताना म्हणाली, "त्यांच्यात दोन तट पडणार. साहेबांच्या खालोखालचे ते डॉक्टर आणि जावई एका खोलीत बसत नाहीत. तट पडले की झेंडा कुणाचा हे भांडण निघणार. पक्षाच्या घटनेचं पहिलं कलम वाचलंयस? नाही ना. मी वाचलंय. पक्षाचं चिन्ह म्हणजे पहिल्या सभेत फडकलेला झेंडा, जसा होता तसा. बदलायचा तर सगळ्या सभासदांची सभा बोलवायची. सभा कधी बोलावलीच नाही. सुरुवातीला घाईत, आणि नंतर त्यांना आपलीच थाप खरी वाटायला लागली."

थोरल्याने कोट उचलला. "मग आत्ताच सांगू की!"

"आत्ता सांगितलं तर परत हसतील, आणि उद्या सभा बोलावून दुरुस्त करून घेतील. ज्या दिवशी दुरुस्तीला वेळ नसेल त्या दिवशी सांगायचं. तोवर दादा, तोंड शिवून ठेव."

इथे खरी कसोटी. वहिनी म्हणायची त्यात खोट नव्हती: "ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही." थोरल्याने नवी इस्त्री घेतली तरी चार गल्ल्यांना कळायचं. असा माणूस पाठीवर तोफ घेऊन सहा वर्षं हिंडला. जावईबापू निवडून आले आणि दुकानावरून गाडीतून हात हलवत गेले, तेव्हा त्याचा हात कोटाच्या बटणापर्यंत गेला होता. धाकटीने आतून नुसतं खाकरून दाखवलं. त्याने बटण परत लावलं. उन्हाळ्यातसुद्धा तो कोट काढायचा नाही. लोक म्हणायचे, मास्तरला थंडी वाजते. वाजू दे म्हणायचा.

आणि तिकडे पक्ष सडत चालला. तेही टेबलावरच कळलं. आधी फलक यायचे लांबलचक: 'देश आपला, माणूस मोकळा.' एका वर्षी निरोप आला, फलक अर्धाच करा, नुसतं 'देश आपला' लिहा. "माणूस कुठे गेला?" थोरल्याने विचारलं. निरोप्या म्हणाला, "जागा पुरत नाही, मास्तर." त्याच महिन्यात ज्या छोट्या पेपराने पहिल्या सभेची बातमी छापली होती त्याला ह्याच मोकळ्या माणसांच्या सरकारने टाळं ठोकलं, कारण त्याने जावईबापूंच्या पुलाला पडलेल्या भेगेचा फोटो छापला. पूल बांधून तेव्हा आठ महिने झाले होते.

मग डॉक्टर फुटले. ते पक्षातले दुसरे मोठे. म्हणाले, खरा पक्ष आम्ही. वकीलसाहेब म्हणाले, आम्ही. निवडणूक पाच आठवड्यांवर. झेंडा कुणाचा, हे निवडणूक मंडळाने ठरवायचं होतं. कार्यालयाची काचेची पेटी वकीलसाहेबांकडे. डॉक्टरांनीही कुठल्याशा कपाटातून एक 'पहिला झेंडा' काढला. आणि दोघांनाही साक्षीला एकच शिंपी आठवला.

पहिल्यांदा जावईबापू आले. टेबलाला टेकून उभे, जणू कापड बघायला आलेत.

"मास्तर, तुम्ही आमचेच. पेटीतला झेंडा सासूबाईंनी तुमच्या दुकानात बसून शिवला, एवढंच सांगायचं."

"आणि माझी बहीण?"

"ताईंना ह्या वेळी वॉर्ड देऊन टाकू. अहो, त्यात काय!"

थोरल्याने धाकटीकडे पाहिलं. ह्यासाठीच तर तिने चौदा वर्षं घासली होती. नुसती मान हलवायची आणि वॉर्ड तिचा. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा पहिल्या झटक्यात गेला.

"दादा येईल," ती म्हणाली. "खरं ते सांगेल."

संध्याकाळी डॉक्टरांचा माणूस आला. तेच बोलणं, तोच वॉर्ड. तेच उत्तर. दोघंही खूश होऊन गेले. 'खरं' म्हणजे आपल्या बाजूचं, इतके दिवस सत्तेत काढल्यावर त्यांना दुसरा अर्थच सुचत नव्हता.

मंडळाची खोली उंच छताची, मधे लांब टेबल, पलीकडे तीन अधिकारी. अध्यक्षबाई मधोमध, पांढरे केस, समोर फायली. एका बाजूला वकीलसाहेबांची माणसं, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांची. टेबलावर दोन झेंडे. दोन्हींवर चोच काठीपासून लांब. वकीलीणबाईंनी शपथेवर लिहून दिलं होतं की झेंडा त्यांनीच शिवला. डॉक्टरांनी शपथेवर लिहून दिलं होतं की त्यांचाच झेंडा पहिल्या सभेतला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मास्तर, ह्यातला पहिला कोणता?"

थोरल्याने दोन्ही झेंडे नुसते अंगठ्याने चाचपले. "बाई, दोन्ही माझेच. दोन्हींवर वाकडातिकडा टाका आहे. हा टाका घालणारं मशीन माझ्याकडे आलं पहिल्या सभेनंतर चौथ्या वर्षी. खरेदीची पावती ही. चार वर्षं आधी माझं मशीन ह्यांच्या सभेला गेलं असेल तर मला तरी सांगून गेलं नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वकीलसाहेबांनी मान वळवली.

"मग पहिला कुठे आहे?"

सहा वर्षं थोरल्याने ह्या प्रश्नाची वाट पाहिली होती. मोठं भाषण तयार होतं, आरशासमोर म्हणून पाहिलेलं. पण शेजारी बसलेल्या धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने भाषण गिळलं. नुसता कोट काढला, उलटा केला आणि टेबलावर पसरला.

निळं कापड, पिवळं पाखरू. कडेला काठी ओवायची पट्टी तशीच, आणि चोच त्या पट्टीकडे.

धाकटीने डब्यातली बातमी पुढे सरकवली. 'परतणारं पाखरू'. अध्यक्षबाईंनी ती सगळी मोठ्याने वाचली. जग हिंडून आलेलं पाखरू, मातीकडे परत फिरलंय, सगळं, टाळ्यांसकट. वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, हे शब्द तुमचेच?"

वकीलसाहेबांचा चेहरा असा झाला की तो थोरल्याने मापासारखा डोक्यात ठेवलाय. मरेपर्यंत विसरणार नाही. तोंड उघडं. इतकी वर्षं टाळ्या घेतलेलं तोंड.

"हा शिवला कुणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी," धाकटी उभी राहून म्हणाली. "चोच उलटी लागली ती माझ्याच चुकीने. साहेबांनी दोनशे माणसांसमोर तसं सांगितलं होतं. आज त्यांनी नाही म्हणावं."

नाही म्हणावं तर बातमी खोटी पडत नव्हती. हो म्हणावं तर बायकोची शपथ खोटी. साहेबांनी चष्मा काढून छातीवरच्या खिशात ठेवला. जावईबापू काहीतरी पुटपुटले तर डॉक्टरांची माणसं हसली, आणि अध्यक्षबाईंनी त्यांच्याही शपथेचा कागद उचलला तसं त्यांचं हसू आवरलं.

निकाल आठ दिवसांत आला. दोन्ही झेंडे पक्षाच्या घटनेत बसत नाहीत. पाखरू कुणालाच नाही. खोट्या शपथांची चौकशी वेगळी. निवडणुकीला वकीलसाहेबांना चिन्ह मिळालं बादली आणि डॉक्टरांना शिडी. लोक पाखरू शोधत आले आणि बादली पाहून परत गेले. वीस वर्षं उभा राहिलेला पक्ष एका रविवारी आडवा झाला. दोन्ही तट मिळून एक जागा नाही.

धाकटी त्या निवडणुकीत अपक्ष उभी होती. निवडून आली नाही. दुसरी आली. जावईबापू चौथे. थोरला आजही हा निकाल असा सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, दुसरा नंबर हाच वरचा.

पक्षाचं कार्यालय बंद झालं, पितळी पाटी भंगारात गेली. थोरल्याने ती भंगारवाल्याकडून मागून आणली आणि इस्त्री ठेवायला वापरली. अजून वापरतो.

पाच वर्षांनी एका सकाळी वकीलसाहेब दुकानात आले. एकटेच, पायी. अंगात तोच जुना मंत्रिपदाचा कोट, थोरल्याच्याच हातचा, पण कापड बाहेरून विरलेलं.

"मास्तर, हा उलटवून मिळेल का? आतून कापड चांगलं आहे."

पूर्वी चांगले कोट असे उलटवायचे. सगळा कोट उसवायचा, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. आता हे कुणाला येत नाही. थोरल्याला येतं. तो बोलायला तोंड उघडणार, भाषण पुन्हा जिभेवर आलेलं, तेवढ्यात मागून धाकटी आली.

"मिळेल," ती म्हणाली. "फक्त उलटवला की छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे जातो. काजंही बायकांच्या कोटासारखी दुसऱ्या बाजूला येतात. बघणाऱ्याला लगेच कळतं."

"खिसा हलवता नाही येणार?"

"हलवला तर जुन्या जागी चीर दिसते. आम्हाला उलटसुलट फारसं कळत नाही साहेब, पण एवढं कळतं."

वकीलसाहेबांनी कोट काढून टेबलावर ठेवला. मग "करा," म्हणाले.

तिने तो कोट स्वतः उलटवला. चार दिवस. एकही टाका दिसणार नाही असा. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तिने त्या कोटावर केलं, कारण तो लवकर फाटून चालणार नव्हता.

न्यायला आले तेव्हा थोरला दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. वकीलसाहेब कोट घालून रस्त्याने निघाले, कोपऱ्यावर थांबले. समोरच्या भिंतीवर नव्या कुठल्या पक्षाचा कागद चिकटवला होता, तो वाचायचा असावा. सवयीने हात डाव्या छातीकडे गेला चष्म्यासाठी. खिसा नव्हता. हात पुन्हा तिथेच चाचपडला.

"काय करतायत?" आतून धाकटीने विचारलं.

"शोधतायत."

"सापडला?"

"अजून नाही," थोरला म्हणाला, आणि तिला बघायला जागा व्हावी म्हणून दारातून बाजूला झाला.